सर्व्हरची श्रेणीवाढ आणि चालू कामांचे नियंत्रण
पाटस गावाच्या व्यवहारांच्या आधारे एक अभ्यास

दौंड तालुक्यातील पाटस हे गाव पुणे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गावर वसलेले असून पुणे-दौंड लोहमार्गावर त्याचे स्थानक आहे. संत तुकाराम महाराजांची पालखी याच गावातून रोटी घाटाकडे वळते आणि बारामती, इंदापूरकडे जाणारा पालखी महामार्गही येथूनच निघतो. भीमा सहकारी साखर कारखान्यामुळे उसाच्या व्यवहाराशी या परिसराचे नाते जडले. अशा गावाचा कारभार एके काळी चावडीतील दप्तरात, पंचायतीच्या नोंदवह्यांत आणि शाळेच्या हजेरीपटात सामावलेला असे. आज त्यातील बराचसा भाग दूर कोठे तरी ठेवलेल्या सर्व्हरवर गेला आहे.

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला. ग्रामपंचायतीचे नियोजन व हिशेब यांसाठी २४ एप्रिल २०२० रोजी ई-ग्रामस्वराज हे संकेतस्थळ सुरू झाले. शिक्षकांची वेतन देयके शालार्थ प्रणालीतून तयार होतात. महामार्गावरील पाटसच्या पथकर नाक्यावर फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग अनिवार्य झाला. या प्रत्येक सोयीच्या पाठीशी एक सर्व्हर असतो आणि त्या सर्व्हरवरील सॉफ्टवेअर वेळोवेळी बदलावे लागते. तो बदल होत असताना ‘सर्व्हर बंद आहे’ एवढेच उत्तर नागरिकाच्या कानी पडते. त्या अवधीत आत काय घडते, काय घडावयास हवे आणि त्यात गावाचे हित कोठे गुंतलेले आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

श्रेणीवाढ का करावी लागते ?

चालत्या यंत्राला हात लावू नये, असा एक समज रूढ आहे. सॉफ्टवेअरच्या बाबतीत तो टिकत नाही. प्रत्येक सॉफ्टवेअरला ठराविक काळच सुरक्षिततेच्या दुरुस्त्या मिळतात. उदाहरणार्थ, माहितीसाठा सांभाळणाऱ्या पोस्टग्रेएसक्यूएल या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरची मोठी आवृत्ती साधारणतः दरवर्षी निघते व प्रत्येक आवृत्तीला पाच वर्षेच दुरुस्त्या पुरविल्या जातात. त्यानंतर उघडकीस आलेली उणीव तशीच राहते आणि तिचा गैरफायदा घेणाऱ्यांना दार मोकळे होते. जमिनीच्या हक्काच्या नोंदी अशा दारामागे ठेवणे परवडणारे नाही. म्हणून श्रेणीवाढ टाळता येत नाही. ती नीट करणे एवढेच आपल्या हाती असते.

श्रेणीवाढीत मूळ सॉफ्टवेअर बदलते. परंतु त्याच्या आधारावर चालणाऱ्या कार्यप्रणाली, ज्यांना व्यवहारात ‘अॅप्लिकेशन’ म्हटले जाते, त्या अनेक असतात आणि एकमेकींवर अवलंबून असतात. पाया बदलताना वरचे मजले कोणत्या क्रमाने रिकामे करावयाचे आणि पुन्हा कोणत्या क्रमाने भरावयाचे, हा खरा प्रश्न आहे.

स्क्रिप्ट : लिहून ठेवलेली कार्यपद्धती

या प्रश्नाचे उत्तर म्हणजे स्क्रिप्ट होय. संगणकाने एकापाठोपाठ एक पार पाडावयाच्या आज्ञा एका फाइलीत लिहून ठेवल्या की तिला स्क्रिप्ट म्हणतात. कुशल कर्मचारी जे हाताने करील तेच ती करते. मात्र मध्यरात्री दोन वाजता कर्मचारी थकतो, पायरी विसरतो, चुकीच्या सर्व्हरवर आज्ञा देतो. तपासून ठेवलेली स्क्रिप्ट प्रत्येक वेळी त्याच क्रमाने चालते.

ही पद्धत नवी नाही. १९८३ साली आलेल्या युनिक्स सिस्टिम फाइव्ह या प्रणालीतील सेवा सुरू करण्याच्या व थांबवण्याच्या स्क्रिप्टना क्रमांक दिलेले असत. सुरू करण्याच्या स्क्रिप्टच्या नावापुढे ‘एस’ हे अक्षर व थांबवण्याच्या स्क्रिप्टपुढे ‘के’ हे अक्षर लावून त्यापुढील अंकांवरून क्रम ठरे. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियन या लिनक्स वितरणात प्रत्येक सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यासोबत चार प्रकारच्या स्क्रिप्ट देण्याची सोय आहे : बसवण्यापूर्वीची, बसवल्यानंतरची, काढण्यापूर्वीची आणि काढल्यानंतरची.

मग प्रत्येक कार्यालयाने स्वतःची वेगळी स्क्रिप्ट लिहिण्याचे कारण काय ? कारण असे की, सॉफ्टवेअरसोबत आलेल्या स्क्रिप्टला केवळ त्या सॉफ्टवेअरचीच माहिती असते. माहितीसाठा कसा थांबवावा हे तिला ठाऊक असते. परंतु त्या माहितीसाठ्यात या क्षणी पाटसच्या एखाद्या खरेदीखताची नोंद अर्धवट उतरली आहे, हे तिला ठाऊक नसते. ते ज्ञान त्या कार्यालयाचे असते व ते त्या कार्यालयानेच स्क्रिप्टमध्ये उतरवावे लागते.

आधी काय थांबवावे ?

साखर कारखान्याच्या परिसरातील वाचकांस ही गोष्ट सहज पटेल. कारखाना बंद करावयाचा झाल्यास कोणी प्रथम बॉयलर विझवीत नाही. आधी गव्हाणीत ऊस टाकणे थांबते. पट्ट्यावरील ऊस गाळून होतो. निघालेला रस पुढे उकळला जातो, कारण तो तसाच राहिला तर आंबतो. सर्वांना वाफ पुरवणारा बॉयलर सर्वांत शेवटी थंड होतो. सुरू करताना क्रम नेमका उलटा : आधी बॉयलर, शेवटी ऊस.

सर्व्हरचा क्रमही हाच. समजा, पाटस येथील एका शेतजमिनीचे खरेदीखत दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदले गेले. नोंदणीच्या प्रणालीतून त्याची माहिती फेरफाराच्या प्रणालीकडे जाते. ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे पूर्वीचे तलाठी, फेरफाराची नोंद घेतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५० नुसार संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत दिली जाते, मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मग सातबारा बदलतो. यात तीन टप्पे स्पष्ट दिसतात : नवे काम घेणारी प्रणाली, मधली देवाणघेवाण आणि तळाचा माहितीसाठा.

माहितीसाठा अगोदर बंद केला व नोंदणीची प्रणाली चालू राहिली तर खरेदीखत नोंदले जाईल, शुल्क भरले जाईल, परंतु फेरफाराची सूचना वाटेतच हरवू शकेल. खरेदीदाराच्या हाती दस्त असेल, सातबाऱ्यावर मात्र जुन्याच मालकाचे नाव राहील. त्या सातबाऱ्याच्या बळावर पीक कर्ज मागावयास गेलेल्या शेतकऱ्यास संगणकातील हा क्रमभंग दिसणार नाही. त्याला केवळ नकार दिसेल.

यास्तव स्क्रिप्टने प्रथम नवे काम घेणे थांबवावे. नंतर हाती असलेली कामे पूर्ण होऊ द्यावीत. त्यानंतर मधल्या देवाणघेवाणीच्या रांगेत किती निरोप शिल्लक आहेत ते मोजावे व ती संख्या शून्य झाल्यावरच माहितीसाठा बंद करावा. ठराविक मुदतीत रांग रिकामी झाली नाही, तर उरलेले निरोप सुरक्षित जागी नोंदवून अधिकाऱ्याचा निर्णय मागावा.

थांबवण्याच्याही दोन रीती आहेत. युनिक्सच्या परंपरेत कार्यप्रणालीला प्रथम थांबण्याची सूचना दिली जाते. ती हाती असलेले काम आवरून स्वतः बंद होते. ती ऐकत नसेल तर सक्तीचा संकेत देऊन तिला तत्क्षणी बंद करता येते. मात्र त्या वेळी तिला काहीही आवरण्यास सवड मिळत नाही. थेट सक्ती करणारी स्क्रिप्ट लिहिण्यास सोपी असते आणि नुकसानही तीच करते. सूचना, प्रतीक्षा आणि अगदी अखेरीस सक्ती, हाच योग्य क्रम होय.

चार कामे, चार स्क्रिप्ट

कार्यप्रणालीवर नियंत्रण ठेवण्याचे शास्त्र घडवण्यात पुणे शहराचाही वाटा आहे. एक सर्व्हर पडल्यास दुसऱ्याने काम उचलावे यासाठी व्हेरिटास या कंपनीने तयार केलेले क्लस्टर सॉफ्टवेअर जगभर वापरले गेले व या कंपनीचे मोठे विकासकेंद्र पुण्यात होते. या सॉफ्टवेअरमध्ये कोणतीही कार्यप्रणाली सांभाळण्यासाठी चार कामे वेगळी केलेली आहेत : सुरू करणे, थांबवणे, चालू आहे की नाही ते पाहणे आणि अर्धवट बंद पडल्यास मागे राहिलेला पसारा साफ करणे. प्रत्येक कामासाठी कार्यालयाला स्वतःची स्क्रिप्ट देता येते.

ही विभागणी कोणत्याही कार्यालयाने अनुसरण्यासारखी आहे. ‘सुरू कर’ म्हटले म्हणजे सुरू झाले, असे समजणे ही नेहमीची चूक असते. म्हणून पाहणी करणारी स्क्रिप्ट वेगळी हवी. तिने केवळ कार्यप्रणाली चालू आहे का एवढेच न पाहता ती काम करते का हे पाहावे. सातबाऱ्याच्या प्रणालीची पाहणी म्हणजे एखाद्या ठरलेल्या गटाचा सातबारा प्रत्यक्ष काढून तो श्रेणीवाढीपूर्वीच्या प्रतीशी ताडून पाहणे.

येथे एक गोष्ट शिक्षकांनी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्याजोगी आहे. प्रत्येक आज्ञा पूर्ण होताना संगणकास एक अंक परत देते. शून्य म्हणजे यश; अन्य कोणताही अंक म्हणजे अपयश व त्या अपयशाचा प्रकार. यशाचा प्रकार एकच असतो, अपयशाचे मात्र अनेक, म्हणून हा संकेत. चांगली स्क्रिप्ट प्रत्येक पायरीनंतर हा अंक पाहते व शून्य नसेल तर तेथेच थांबते. अंक न पाहता पुढे जाणारी स्क्रिप्ट पहिल्या चुकीवर दुसरी चूक रचीत जाते.

आणखी एक कसोटी आहे. तीच स्क्रिप्ट चुकून दोनदा चालवली गेली तरी परिणाम एकदा चालवल्यासारखाच व्हावा. ‘थांबलेली नसेल तर थांबव’, ‘प्रत घेतलेली नसेल तर घे’, अशा रीतीने लिहिलेली आज्ञा ही कसोटी पार करते.

श्रेणीवाढीचा नमुना क्रम

वरील तत्त्वे एकत्र केली म्हणजे पुढील क्रम तयार होतो.

१. पूर्वतपासणी : तबकडीवर पुरेशी जागा आहे का, संकेतशब्द व परवाने चालू आहेत का, नवी आवृत्ती जुन्या माहितीशी जुळते का, हे पाहावे. पोस्टग्रेएसक्यूएलच्या श्रेणीवाढीच्या साधनात प्रत्यक्ष बदल न करता केवळ तपासणी करण्याची सोय आहे. अशी तपासणी काही दिवस अगोदरच करावी.

२. नव्या कामास विराम : संकेतस्थळावर सूचना लावून नवे अर्ज घेणे थांबवावे.

३. हाती असलेली कामे पूर्ण करणे : रांग मोजावी, ठराविक मुदतीपर्यंत थांबावे.

४. संपूर्ण प्रत : माहितीची प्रत घ्यावी आणि ती दुसऱ्या सर्व्हरवर उघडून पाहावी. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे, असेच मानावे.

५. मोजदाद : प्रत्येक गावाचे सातबारे, खातेदार, प्रलंबित फेरफार यांची संख्या लिहून ठेवावी.

६. क्रमाने बंद करणे व श्रेणीवाढ.

७. उलट क्रमाने सुरू करणे : आधी माहितीसाठा, मग देवाणघेवाण, शेवटी नागरिकांसाठीचे दालन.

८. पुन्हा मोजदाद : पाचव्या पायरीतील प्रत्येक संख्या जुळली तरच दालन उघडावे.

प्रत्येक पायरीची वेळ, दिलेली आज्ञा व आलेला अंक स्क्रिप्टने नोंदवहीत आपोआप लिहावा. पुढे वाद निर्माण झाल्यास हीच नोंदवही पुरावा ठरते.

परतीचा मार्ग

श्रेणीवाढ फसली तर मागे कसे यावयाचे, याची स्क्रिप्ट पुढे जाण्याच्या स्क्रिप्टइतकीच कसून तपासलेली असावी लागते. ब्रिटनमधील रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड समूहाचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. रात्रीच्या कामांचा क्रम ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरची श्रेणीवाढ या समूहाने १७ जून २०१२ रोजी केली. अडचण दिसताच नवी आवृत्ती काढून टाकण्यात आली. परंतु तसे केल्याने काय होईल याची चाचणी झालेली नव्हती आणि नवी व जुनी आवृत्ती परस्परांशी जुळणारी नव्हती. सुमारे ६५ लाख ग्राहकांना त्याची झळ बसली व काही सेवा जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत विस्कळीत राहिल्या. २०१४ मध्ये नियामकांनी या समूहास एकूण ५ कोटी ६० लाख पौंडांचा दंड केला. मूळ चूक लहान होती. परतीचा न तपासलेला मार्ग महाग पडला.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या संस्थेचे आहे. तिने २०१२ मध्ये आठ सर्व्हरवर नवे सॉफ्टवेअर हाताने बसवले. त्यांपैकी एक सर्व्हर राहून गेला. १ ऑगस्ट २०१२ रोजी बाजार उघडताच त्या एका सर्व्हरवरील जुनी आज्ञावली जागी झाली व सुमारे ४५ मिनिटांत संस्थेचे ४४ कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झाले. आठही सर्व्हरवर आवृत्ती एकच आहे ना, एवढे पाहणारी चार ओळींची स्क्रिप्ट हे संकट टाळू शकली असती.

परतीच्या मार्गालाही एक सीमा असते. पोस्टग्रेएसक्यूएलच्या श्रेणीवाढीत जागा वाचवण्यासाठी जुन्या व नव्या आवृत्तीने त्याच फाइली वापरण्याची एक रीत आहे. या रीतीने गेल्यास नवी आवृत्ती एकदा सुरू केल्यावर जुनी सुरक्षितपणे सुरू करता येत नाही. मग घेतलेल्या प्रतीचाच आधार उरतो. अशी सीमारेषा कोठे आहे, हे स्क्रिप्टमध्ये ठळकपणे लिहिलेले असावे आणि ती ओलांडण्यापूर्वी जबाबदार अधिकाऱ्याची संमती स्क्रिप्टने थांबून मागावी. सर्व काही आपोआप व्हावे, हा आग्रह येथे योग्य ठरत नाही.

वेळेची निवड

तांत्रिक तयारीइतकेच महत्त्व वेळेच्या निवडीला आहे. एचडीएफसी बँकेने आपल्या मुख्य बँकिंग प्रणालीचे स्थलांतर १३ जुलै २०२४ रोजी केले. तो महिन्याचा दुसरा शनिवार, म्हणजे बँकेच्या सुट्टीचा दिवस होता. पहाटे ३ पासून दुपारी ४.३० पर्यंतचा अवधी अगोदर जाहीर करण्यात आला आणि यूपीआयसारख्या सेवा संपूर्ण अवधीत बंद न ठेवता त्यातील ठराविक वेळेपुरत्या बंद राहतील, हेही ग्राहकांना कळवण्यात आले. कोणती सेवा केव्हा बंद व केव्हा चालू, हे घड्याळाच्या काट्यानुसार सांगता आले, याचे कारण कामांचा क्रम आधी ठरलेला होता.

ग्रामीण भागात सुट्टीचा दिवस पाहून भागत नाही. हंगाम पाहावा लागतो. जूनमध्ये शाळा-महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी दाखल्यांची गर्दी असते. खरिपाच्या पीक विम्याची मुदत साधारणतः जुलैअखेर येते व त्या दिवसांत सातबाऱ्याची मागणी वाढते. महिन्याच्या अखेरीस शाळांची वेतन देयके तयार होतात. आषाढी वारीच्या दिवसांत पाटस परिसरातील वाहतूक व व्यवहार यांचे चित्रच बदलते. हे दिवस टाळण्याची सूचना गाव व तालुका पातळीवरूनच वर जावयास हवी.

काही कामे केंद्रीय सर्व्हर बंद असतानाही चालू ठेवता येतात. फास्टॅगच्या व्यवस्थेत शिल्लक कमी असलेल्या वा अपात्र ठरलेल्या टॅगची यादी पथकर नाक्यांना वेळोवेळी पुरवली जाते. त्यामुळे प्रत्येक वाहनासाठी बँकेच्या उत्तराची वाट पाहत थांबावे लागत नाही. आवश्यक माहिती जवळ ठेवणे व झालेली नोंद नंतर पुढे पाठवणे, हे तत्त्व पंचायतीच्या कामासही लागू पडते.

ग्रामपंचायतीने व कार्यालयांनी काय करावे ?

स्क्रिप्ट लिहिणे हे तज्ज्ञांचे काम असले तरी तिची फलश्रुती तपासणे हे गावाचे काम आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठराविक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. सर्व्हर बंद असल्याच्या कारणावरून अर्ज परत पाठवला गेला, तर तो अर्ज कधी आलाच नाही असे कागदोपत्री दिसते आणि मुदतही सुरू होत नाही. यास्तव अशा दिवशी अर्ज हाती घेऊन वहीत दिनांक व वेळेसह नोंदवावा, अर्जदारास पोच द्यावी आणि प्रणाली सुरू होताच ते अर्ज आलेल्या क्रमानेच भरावेत.

श्रेणीवाढीची सूचना आली म्हणजे सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी व मुख्याध्यापक यांनी चार प्रश्न विचारावेत. कोणती सेवा कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंत बंद राहील ? आज भरलेला, परंतु मंजूर न झालेला अर्ज कोठे राहील ? काम फसल्यास जुनी प्रणाली किती वेळात परत येईल ? पूर्वीची व नंतरची मोजदाद जुळल्याचे कोण कळवील ? या प्रश्नांची उत्तरे लेखी मिळत असतील तर स्क्रिप्ट नीट लिहिली गेली आहे असे समजण्यास हरकत नाही.

श्रेणीवाढ झाल्यानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत गावपातळीवर थोडी पडताळणी करावी. ज्यांचे फेरफार प्रलंबित होते अशा खातेदारांचे सातबारे काढून पाहावेत. जोडाक्षरे असलेली नावे, क्षेत्राचे दशांश आणि इतर हक्कातील बोजे विशेष लक्षपूर्वक वाचावेत. संख्या जुळली तरी अक्षर बदलू शकते, आणि नावातील एका अक्षराच्या फरकाने वारसाला हेलपाटे पडतात. चावडीवर सातबारा वाचून दाखवून चुका शोधण्याची रीत महाराष्ट्राने संगणकीकरणाच्या काळात अवलंबिली होती. तिचे महत्त्व अजूनही ओसरलेले नाही.

दप्तर बांधण्यापूर्वी प्रत्येक कागद मोजून घ्यावा व सोडल्यावर पुन्हा मोजावा, हा महसुली कारभाराचा जुना शिरस्ता आहे. सर्व्हरच्या श्रेणीवाढीसाठी लिहिलेली स्क्रिप्ट हा त्याच शिरस्त्याचा आजचा अवतार होय. तो पाळला गेला की नाही, हे दुसऱ्या दिवशी सकाळी पाटसच्या सेवा केंद्रात निघणारा पहिला सातबारा सांगून जातो.